वामनदादांच्या एका गाण्याचं शेवटचं कडवं हवं आहे

निळीवही
जय भीम मंडळी.

आईला जाऊन मार्चमध्ये वर्ष झालं. परवा तिची पत्र्याची पेटी उघडली, तर साड्यांच्या तळाशी तिची गाण्यांची वही निघाली. दोनशे पानी, खाकी कव्हर घातलेली, कडांना तेलाचे डाग. येवल्याकडच्या आमच्या गावात ती अंगणवाडीत होती. दुपारी मुलं घरी गेली की ती गाणी उतरवून काढायची. कुणाकडून ऐकलेली, कुणाच्या पुस्तिकेतली, काही थेट कार्यक्रमात बसून लिहिलेली. एकंदर ४१ गाणी आहेत आणि प्रत्येकाला तिने नंबर दिलाय. बहुतेक लोककवी वामनदादा कर्डकांची.

१७ नंबरचं गाणं रमाईवर आहे. आई भाकरी थापताना हेच म्हणायची. दोन कडवी पूर्ण आहेत, तिसरं अर्धं आणि त्याखालचं पान उंदरांनी खाल्लंय. मला चाल पाठ आहे, पण शेवटचं कडवं नाही. लहानपणी ते नीट ऐकलंच नाही, कारण तिथवर येईस्तोवर भाकरी झालेली असायची आणि ती "चला जेवायला" म्हणायची.

२७ मेला रमाईंचा स्मृतिदिन आहे. वस्तीत बायका जमतात, तिथे हे गाणं पूर्ण म्हणावं अशी फार इच्छा आहे. वहीच्या पानाचा फोटो जोडला आहे. कुणाकडे असेल तर कृपया सांगा. आणि तुमच्या घरात वामनदादांचं कोणतं गाणं म्हणतात, कोण म्हणतं, तेही लिहा. वाचायला आवडेल.

सावली
फोटो बघून डोळे भरले. किती वळणदार अक्षर! आमच्याकडे आत्या म्हणायची. पूर्ण गाणं माझ्याकडे नाही, पण धागा वर राहावा म्हणून लिहितेय.

पाटावरवंटा
वामनदादा म्हणजे बाबासाहेबांच्या काळात नाशिकहून जलसे, म्हणजे गाण्या-नाट्यातून प्रबोधनाचे कार्यक्रम, घेऊन फिरायचे तेच ना? "शाहिरांचा एक जलसा म्हणजे माझी दहा भाषणं" असं बाबासाहेब ज्यांच्याबद्दल म्हणाले होते?

देवनदीकाठ
@पाटावरवंटा, ही गल्लत फार जणांची होते. जलसेवाले ते भीमराव कर्डक. तेही नाशिक जिल्ह्यातलेच, पण वयाने मोठे आणि वेगळे. त्यांचा जलसा १९३० च्या दशकात गावोगाव फिरत होता. दहा भाषणांचं वाक्य त्या जलशाच्या संदर्भातच सांगतात. 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तकही भीमरावांचंच.

वामन तबाजी कर्डक आमच्या सिन्नर तालुक्यातले, गाव देशवंडी. जन्म १५ ऑगस्ट १९२२, निधन १५ मे २००४, नाशिकला. मी शेजारच्या गावचा. आमच्याकडे अजूनही कुणी पोरगं यमक जुळवायला लागलं की म्हातारी माणसं म्हणतात, "देशवंडीचं पाणी पिऊन आला का रे?"

दोन्ही कर्डकांचं काम इतकं मोठं आहे की एकाचं श्रेय दुसऱ्याला द्यायची गरजच पडत नाही.

पाटावरवंटा
धन्यवाद, चूक लक्षात आली. आता शोधून दोघांचंही वाचतो.

कामगारवस्ती
मी दादांना एकदाच प्रत्यक्ष ऐकलं. नाशिकरोडला, नव्वदच्या दशकाच्या शेवटी. पंचाहत्तरी ओलांडली होती त्यांनी. आधी दोन गायन पार्ट्या झाल्या. पेटी, ढोलकी, बुलबुलतरंग, मागे चार कोरसवाले, सगळं जोरात. मग दादांना धरून वर आणलं. आवाज थकलेला, पट्टी खालची. मला वाटलं, आता गर्दी उठणार. पण त्यांनी ध्रुवपद उचललं आणि मागे जमिनीवर बसलेल्या बायकांनी ते त्यांच्याकडून काढूनच घेतलं. दादा कडवं म्हणायचे आणि ध्रुवपद अख्खं मैदान. दादांनी दोनदा नुसताच हात वर केला, म्हटलंच नाही काही, तरी गाणं पुढे चालू. इतकी मोठी कमाई मी दुसऱ्या कुठल्या कवीची पाहिली नाही.

आमच्या घरात 'भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते'. वडील गिरणीत होते, संपानंतर गावी आले. ते म्हणायचे.

दणका_डीजे
दादांची गाणी आज जिवंत आहेत ती आमच्यामुळे. १४ एप्रिलला आम्ही वाजवतो तेव्हा विशीतली पोरं शब्दन् शब्द म्हणतात. वहीतली गाणी उंदीर खातात, पेनड्राइव्हमधली नाही.

ढोलकी_मनमाड
@दणका_डीजे, मी तीस वर्षं गायन पार्टीत ढोलकी वाजवली. तुमच्यावर राग नाही, पोरं नाचतात याचा आनंदच आहे. पण एक विचारतो. तुम्ही लावता त्यातल्या किती गाण्यांत शेवटचं कडवं असतं? ध्रुवपद, एक कडवं, की मग नुसतं ठेका आणि घोषणा. वामनदादांचं नाव असतं शेवटच्या कडव्यात. जुनी रीतच ती. तुकोबांच्या अभंगात 'तुका म्हणे', तसं दादांच्या गाण्यात 'वामन'. शेवट कापला की कवीचं नाव कापलं. मग पोरं विचारतात, हे गाणं कुणाचं? उत्तर येतं, अमक्या डीजेचं.

म्हणून या ताईंचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. एका कडव्यापुरता नाही तो.

दणका_डीजे
मुद्दा पटला. खरंच लक्षात नव्हतं आलं. आमच्याकडे मिक्स बाहेरून तयार होऊन येतात, त्यात शेवट नसतोच.

वृत्तवेडा
ढोलकीदादा, लाख बोललात. भर घालतो. दादांना अक्षरओळखच तरुणपणी झाली, हे लक्षात घेतलं की त्या नावाचं वजन कळतं. मुंबईला शिवडीच्या बीडीडी चाळीत राहत होते, समता सैनिक दलात होते. एका माणसाने पत्र वाचून दाखवायला दिलं आणि यांना वाचता येईना. ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं. चाळीतल्या देहलवी मास्तरांकडे मुळाक्षरं गिरवली, मग दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरं शिकले. १९४३ च्या ३ मे रोजी पहिलं गाणं लिहिलं, तेही विडंबन. ज्याला स्वतःचं नाव लिहायला इतकी वाट पाहावी लागली, त्याने ते हजारो गाण्यांच्या शेवटी लिहिलं. ते आपण कापायचं?

सावली
हे माहीतच नव्हतं. देहलवी मास्तरांना सलाम.

रानपाखरू
थोडं विषयांतर करते. सगळे भीमगीतांबद्दलच लिहितायत, पण दादा तेवढेच नव्हते. 'सांगत्ये ऐका' सिनेमातलं गुलछडीचं गाणं त्यांचंच. कामगारांवर, दुष्काळावर, शेतमजूर बायांवर, नुसत्या प्रेमावरही लिहिलंय. 'वाटचाल', 'मोहळ', 'हे गीत वामनाचे' हे संग्रह सत्तरच्या दशकातले, ते वाचा. मराठी कवितेच्या वर्गात त्यांचं नाव मी एकदाही ऐकलं नाही. एम.ए. झाले तरी. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

वृत्तवेडा
@रानपाखरू, शंभर टक्के. 'भीमा तुझ्या मताचे' घ्या. बांधणी गझलेची आहे, काफिया-रदीफ (यमक आणि त्यामागे पुन्हा पुन्हा येणारा तोच शब्द) चोख. आणि गाणं सरळ आपल्याच माणसांना उद्देशून आहे, आपण एक राहिलो नाही म्हणून. १९५७ ला रिपब्लिकन पक्ष झाला आणि पुढे त्याचे किती तुकडे झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. ते गाणं आज प्रत्येक तुकड्याच्या स्टेजवर वाजतं. ज्याला जे वाटायचं ते वाटो, पण इतकं खरं बोलून लोकांच्या ओठावर राहणं सोपं नाही.

कामगारवस्ती
वडील हे गाणं म्हणताना पाच बोटं वर करायचे आणि एकेक मिटत जायचे. मूठ झाली की थांबायचे. आम्हाला वाटायचं खेळ आहे.

नांदेडचा_नितीन
काटा आला हे वाचून.

परभणीकर
निळीवही ताई, तुमचा फोटो मोठा करून पाहिला. हे गाणं माझ्या मामांच्या डायरीत आहे! मामा आमच्या भागातल्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे. विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्याच्या दिवसांत मराठवाड्यात रात्र रात्र कार्यक्रम व्हायचे, तेव्हाची डायरी. १४ जानेवारी १९९४ च्या, म्हणजे विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं त्या दिवसाच्या पानावर त्यांनी नुसतं "जिंकलो" असं लिहिलंय, बाकी पान कोरं. रविवारी मामींकडे जातो, कडव्याचा फोटो काढून तुम्हाला निरोपातून पाठवतो. प्रताधिकाराचं बघून इथे पूर्ण गाणं टाकत नाही.

निळीवही
परभणीकर दादा, कसे आभार मानू! रविवारची वाट बघते. मामींना माझा जय भीम सांगा.

सावली
तोवर मी ओव्यांबद्दल लिहू का? माझी आजी निरक्षर. तिच्याकडे वही नव्हती, जातं होतं. रमाईवरच्या, बाबासाहेबांच्या मोटारीवरच्या, चष्म्यावरच्या, कोटावरच्या ओव्या दळताना म्हणायची. हेमा रायरकर आणि गी पॉइटवाँ यांनी अशा ओव्या गावोगाव जाऊन गोळा केल्या, एक लाखाच्या वर. 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी ऐकता येतात. माजलगावच्या बायकांच्या भीमाच्या ओव्या तिथे आहेत. मी पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा आजीच आठवली, कारण दोन ओव्या जशाच्या तशा तिच्या होत्या. माजलगाव कुठे, आमचं जुन्नर कुठे. ओवी चालत आली की लग्न होऊन आली कुणास ठाऊक.

दादांचं गाणंही तसंच पोचलं असणार. माहेरी ऐकलं, सासरी म्हटलं.

ढोलकी_मनमाड
तसंच पोचायचं. आणि दादा स्वतःही तसेच पोचायचे. एसटीने फिरायचे, कार्यकर्त्याच्या घरी मुक्काम. कुणी गाणं मागितलं तर लिहून द्यायचे. कित्येक गायकांच्या संसाराला त्या गाण्यांनी हातभार लावलाय. प्रल्हाद शिंद्यांसारख्यांनी ती गाणी घराघरांत नेली. दादा २००४ च्या मे महिन्यात गेले, प्रल्हाददादा त्याच वर्षी जूनमध्ये. आमच्या पार्टीत त्या उन्हाळ्यात कुणी ढोलकीची शाई घोटली नाही. पुढे २०१० ला शाहीर विठ्ठल उमप नागपुरात स्टेजवरच गेले. ती पिढी अशी एकेक करून उठून गेली.

पाटावरवंटा
ढोलकीची शाई म्हणजे? मला वाद्यातलं काही कळत नाही.

ढोलकी_मनमाड
पुडीवर, म्हणजे ढोलकीच्या तोंडावरच्या कातड्यावर, जो काळा गोल असतो ना, ती शाई. थराथराने लावून दगडाने घोटायची, मग नाद गोल येतो. ढोलकीला दोन तोंडं. शाईच्या बाजूला बोटं बोलतात, दुसऱ्या तोंडाला आतून मसाला, तिथून घुमारा. भीमगीताला आम्ही तमाशापेक्षा ढोलकी जरा उतरून लावायचो, कारण शब्द वर राहिला पाहिजे. दादांच्या गाण्यात तर विशेष. ढोलकी शब्दाच्या पुढे गेली की पार्टीचे म्होरके डोळे वटारायचे.

परभणीकर
मंडळी, मामींकडे जाऊन आलो. डायरी मिळाली, गाणं मिळालं, शेवटचं कडवं पूर्ण आहे. निळीवही ताईंना फोटो पाठवलाय.

निळीवही
मिळालं!! दादा, खूप खूप आभार. रात्री म्हणून पाहिलं. चालीत बरोबर बसतं, पण शेवटच्या ओळीत एके ठिकाणी अडखळायला होतं. आणि त्यात वामनदादांचं नाव नाही. दुसऱ्याच एका गायकाचं नाव आहे.

दुबईचा_दादाराव
अरेच्चा! माझ्याकडे चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला घेतलेली एक जुनी छोटी पुस्तिका आहे, इकडे येताना सोबत आणली होती. धागा वाचून चाळली. हेच गाणं त्यात आहे, पण शेवटचं कडवं वेगळं. त्यात 'वामन' आहे. ताई, तुम्हाला आणि वृत्तवेडा यांना पाठवतो.

परभणीकर
मग खरं कोणतं? मामांची डायरी खोटी म्हणवत नाही मला. त्यांनी जे ऐकलं ते लिहिलं.

नांदेडचा_नितीन
पुस्तिकाही काय भरवशाच्या असतात? एकाच गाण्याखाली तीन पुस्तिकांत तीन कवी पाहिलेत मी. छापणारा घाईत असतो.

वृत्तवेडा
दोन्ही कडवी आली. मात्रा मोजल्या. खरं तर ती दोन वेगळी कडवी नाहीत. पहिल्या दोन ओळी जवळजवळ सारख्या, तिसरीत एक शब्द इकडचा तिकडे. फरक शेवटच्या ओळीत. अख्ख्या गाण्यात प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ चार मात्रांच्या शब्दाने सुरू होते आणि तिथेच ठेक्याची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली ठळक मात्रा, आहे. 'वामन' चार मात्रांचा, वा-म-न, दोन-एक-एक. गायकाचं नाव पाच मात्रांचं. ताई जिथे अडखळतात ती तीच जागा. एक मात्रा सांडते आणि ती भरून काढायला पुढचा शब्द घाईने म्हणावा लागतो. दादा वृत्तात अशी चूक करत नसत.

माझा अंदाज असा: गायकाने स्टेजवर स्वतःचं नाव घातलं, मामांनी तसंच उतरवलं. मामांची चूक काहीच नाही.

ढोलकी_मनमाड
बरोबर. असं व्हायचं. मी पाहिलंय. गायक नवा असला, लोकांना नाव कळावं वाटायचं, की घालायचा. काही जण नंतर पश्चात्तापाने बदलायचेही. मी ज्यांच्याबरोबर वाजवलं त्यांच्यातल्या एकाने असं केलं होतं. नाव घेत नाही, माणूस आता नाही. शेवटच्या दिवसांत मला म्हणाला, "दादांचं नाव काढून मी माझं घातलं, पण लोकांनी मला कधी त्या गाण्याने ओळखलंच नाही." खूप रडला होता तो.

समेवर पाचवी मात्रा आली की ढोलकीवाल्याला हाताने कळतं. वृत्तवेडा यांनी कागदावर मोजलं ते आम्ही तिथे पोटात घेत होतो.

रानपाखरू
मला इथे थोडं वेगळं वाटतं. लोकगीत म्हणून फिरायला लागलं की नाव बदलणारच, शब्द बदलणारच. ओवीत कुठे कुणाचं नाव असतं? सावलीची आजी आणि माजलगावची बाई यांच्यात कुणाची ओवी मूळ, हे आपण विचारत नाही.

सावली
@रानपाखरू, विचारत नाही हे खरं. पण आजीने कधी ओवीत स्वतःचं नाव घातलं नाही आणि दुसरीचं काढलंही नाही. दादांनी स्वतः नाव घातलंय. घातलेलं काढणं आणि मुळात नसणं, दोन वेगळ्या गोष्टी.

रानपाखरू
हे मान्य. आणि ज्यांची नावं शतकानुशतकं कुणी लिहूच दिली नाहीत, त्यांच्यातल्या एकाने लिहिलेलं नाव आहे ते. माझं म्हणणं मागे घेते.

देवनदीकाठ
देशवंडीच्या मातीतून एक विनंती. ज्यांच्या घरी अशा वह्या, डायऱ्या असतील त्यांनी मोबाइलवर पानं टिपून ठेवा. उजेड खिडकीतून एका बाजूने येऊ द्या, फ्लॅश नको, शाईच्या पेनाचं अक्षर फ्लॅशने उडून जातं. पानाच्या कडाही फोटोत येऊ द्या. कव्हराच्या आतही पाहा, बायका तिथे चिठ्ठ्या ठेवतात.

निळीवही
देवनदीकाठ दादा, तुमचं वाचून आत्ता वही परत काढली. खाकी कव्हर आईने दुमडून आत चिकटवलेलं होतं, ते मी उघडलंच नव्हतं. हळूच सोडवलं. १७ नंबरच्या फाटलेल्या पानाची बोटभर पट्टी शिलाईजवळ राहिलीय, ती कव्हराच्या घडीत दबलेली होती. त्यावर ओळींची फक्त पहिली पहिली अक्षरं आहेत. चार ओळी. शेवटच्या ओळीचं अक्षर 'वा'.

आईने तिथे 'वा'च्या खाली पेनाने बारीक रेघ मारलीय. प्रत्येक गाण्यात बघितलं आता. जिथे जिथे दादांचं नाव आहे तिथे तिथे खाली रेघ आहे. ४१ मधल्या ३३ गाण्यांत.

वृत्तवेडा
मग माझी मोजदाद कशाला हवी. ताईंच्या आईंनी आधीच सांगून ठेवलं होतं.

परभणीकर
ताई, मी मामांच्या डायरीत त्या पानावर पेन्सिलने बाजूला 'वामन' लिहून ठेवलं. मामींना विचारूनच. मामांचं अक्षर तसंच ठेवलंय.

दणका_डीजे
मी या जयंतीच्या मिक्ससाठी दोन गाणी पूर्ण रेकॉर्ड करून घेतोय, शेवटच्या कडव्यासकट. ढोलकीदादा, वाजवाल का? मनमाडला गाडी पाठवतो.

ढोलकी_मनमाड
गाडी नको, रेल्वेने येतो. मानधनाचं नंतर बघू. ढोलकी मात्र माझीच आणेन, आणि शब्दावर चढवायची नाही हे आधीच ठरवून टाका.

कामगारवस्ती
@निळीवही, २७ मे कसा झाला ते लिहा नक्की.

निळीवही
उशिरा लिहितेय, माफ करा. २७ मेला समाजमंदिरात साठेक बायका होत्या. मी पहिलं कडवं म्हटलं, ध्रुवपदाला सगळ्या आल्या. तिसऱ्या कडव्याला माझी मावशी, आईची धाकटी बहीण, माझ्याकडे बघायला लागली, कारण तिथून पुढे तिलाही येत नव्हतं. मी शेवटचं कडवं चालू ठेवलं. शेवटच्या ओळीला 'वामन' म्हटलं तशी मागून एक म्हातारी उठून उभी राहिली आणि उरलेली ओळ तिनेच पूर्ण केली. तिला पाठ होतं! आमच्याच गावातली, चार घरं सोडून. मी दुबई आणि परभणीपर्यंत शोधलं आणि ते कडवं चार घरांवर होतं.

नंतर त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हणाल्या, "तुझ्या आईला मीच शिकवलं की गं. तिने लिहून घेतलं, मला लिहिता येत नव्हतं." त्यांना अजून नऊ गाणी येतात. उद्या दुपारी वही घेऊन त्यांच्याकडे जातेय. ४२ नंबरपासून पुढची पानं कोरी आहेत.